जुन्या जीपचा धूर



गेल्या वैशाखात धुळ्याहून जळगावला येत असताना पारोळ्याच्या अलीकडे आमच्या जुन्या जीपच्या बॉनेटखालून धूर येऊ लागला. मागं बसलेल्या मंडळींनी पटापट उड्या टाकल्या. बॉनेट उघडून पाहतो, तर आग कुठंच नाही. ऑइल भरायच्या नळीच्या टोपणाभोवतून निळसर धूर फुसफुसत होता. वाटेतल्या एका मिस्त्रींनी दोन मिनिटं कान दिला आणि सांगून टाकलं, "भाऊ, बॅक कम्प्रेशन आहे. रिंगा, पिस्टन, बोअर, सगळंच करावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. चांगला बैल आला असता तेवढ्यात!

पुढं काय झालं ते सांगतो, पण आधी हा धूर येतो कुठून ते पाहू. सायकलीत हवा भरायचा पंप घ्या. आतलं चामड्याचं वायसर नवं असलं तरी जोरानं दाबताना थोडी हवा दांड्याच्या बाजूनं निसटतेच. इंजिनात पिस्टनच्या रिंगांचं तेच. पेट्रोल पेटलं, की त्या दाबाचा थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली, जिथं क्रँक फिरतो आणि ऑइल असतं त्या चेंबरमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. त्यात न जळलेल्या पेट्रोलची वाफ असते, आणि पाण्याचीही असते. शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर सांगावं : एक लिटर पेट्रोल जळलं, की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं खाली ऑइलमध्ये येतं.

हा वायू बाहेर जायला वाट हवी. मळ्यातल्या जुन्या ऑइल इंजिनाला ब्रीदर असतो, तो याचसाठी. जुन्या अँबॅसिडरला इंजिनाच्या कडेच्या झाकणापासून एक वाकडी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी धावू लागली, की वाऱ्याच्या ओढीनं वायू खेचला जाई. मात्र गाडी उभी असली, की ओढ नाही. जीपची तऱ्हा निराळी. ती युद्धासाठी, ओढेनाले ओलांडण्यासाठी घडवलेली गाडी. उघडी नळी ठेवली तर पाणी आत शिरायचं. म्हणून तिचा चेंबरमधला वायू एका लहानशा व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनाच्या शोषणनळीत नेऊन जाळतात, आणि त्याच्या जागी एअर क्लीनरमधून गाळलेली हवा ऑइलच्या नळीवाटे आत येते. पुढं शहरातल्या धुरकट हवेचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा 1961 पासून कॅलिफोर्नियात नव्या मोटारींना हीच योजना बसवू लागले. आपल्याकडे जीपची जुळणी मुंबईत माझगावला 1949 साली सुरू झाली होती.

आता निदान. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पांढरी वाफ आली आणि इंजिन तापल्यावर गेली, तर घाबरू नका. पौषात धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडते. गाडी नुसती घर ते बाजार एवढीच फिरवली, तर आतलं पाणी उडूनच जात नाही. टोपणाच्या आतून लोण्यासारखा पिवळसर थर दिसतो तो त्याचाच. गाडी चांगली तापेपर्यंत लांब चालवावी आणि ऑइल बदलावं. मात्र रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेडचं पॅकिंग तपासलंच पाहिजे.

निळसर, जळक्या ऑइलच्या वासाचा धूर असेल, तर आधी वाट मोकळी आहे का ते पाहावं. एअर क्लीनरकडून येणारी रबरी नळी काढून ते भोक बंद करा. इंजिन सावकाश चालू ठेवून टोपण काढा आणि नळीच्या तोंडावर वहीचा कागद धरा. कागद हलकेच ओढला गेला, तर ठीक. उडवला गेला, तर एकतर व्हॉल्व्ह बुजला आहे, नाहीतर रिंगांतून फार वायू येतो आहे. व्हॉल्व्ह खोलून रॉकेलनं धुवा, मगच दुसरा संशय घ्या. हाच व्हॉल्व्ह उघडा अडकून बसला, तर उलट होतं : इंजिन सावकाश चालताना अडखळतं आणि सायलेन्सर निळा धूर टाकतो. अँबॅसिडरच्या किंवा मळ्यातल्या इंजिनाच्या नळीत तार घालून पाहा. कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलेलं असतं, हे मी विनोदानं सांगत नाही.

धूर दिसतो म्हणून कुणी त्या तोंडात चिंधी कोंबतात. असं करू नका. दाब कोंडला, की ऑइल सील फेकलं जातं आणि ऑइल क्लचवर येतं. टोपणच ढिलं ठेवणंही वाईट, कारण मग काळ्या मातीची धूळ न गाळता आत ओढली जाते आणि बोअर घासते. आणि आत डोकावायला काडी पेटवायची नाही. पेट्रोलची वाफ आहे ती. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही. विषारी वायूला वास नसतो.

वाट मोकळी करूनही धूर राहिला, तर कम्प्रेशन मोजावं. इंजिन गरम, चारी प्लग काढलेले, ठिणगी बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारी आकडे टिपून घ्या. जो सिलिंडर कमी दाखवील त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगांचा दोष, न चढला तर व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचा.

आमच्या जीपचा व्हॉल्व्ह काळ्या चिखलानं गच्च भरला होता. तो धुतला आणि उभ्या गाडीचा धूर थांबला. पण ललिंगच्या घाटात पुन्हा थोडा आलाच. मोजलं, तर तिसरा सिलिंडर कमी, आणि ऑइल घालताच चढला. गाडी तीन वर्षं उभी होती, तेव्हा रिंगा खाचेत चिकटल्या असाव्यात. प्लगच्या भोकातून रॉकेल-ऑइलचं मिश्रण सोडून दोन रात्री ठेवलं, सावकाश फिरवून ते काढलं आणि चेंबरमधलं ऑइल बदललं. आता तिसरा बाकीच्यांच्या जवळ आला आहे, बरोबरीला नाही. दिवाळीनंतर हेड उतरवून बोअर मापायचा आहे. रिंगांवर भागेल की नाही, ते माप सांगेल.