राजघाटची छायाचित्रे आणि लॅपटॉपची वाट

(न्यासाच्या अमृतमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



गेल्या वर्षभरात आम्ही चौकात, देवळात, लग्नाच्या पंगतीत कोठेही दिसलो की आपणांपैकी कोणी ना कोणी एकच प्रश्न विचारीत असे : "लॅपटॉप आला का?" न्यासाच्या छायाचित्रांची व्यवस्था लावण्याचे काम आम्हां तिघांच्या उपसमितीकडे सोपविलेले होते आणि नवा लॅपटॉप आल्यावाचून त्या कामास हात घालता येणार नाही, असे आम्हीच वार्षिक सभेत छातीठोकपणे सांगितले होते. तेव्हा प्रश्न रास्तच होता. आज त्याचे उत्तर देण्यास उभे आहोत. लॅपटॉप आला. परंतु त्याची वाट पाहण्यात काय गेले तेही सांगणे प्राप्त आहे. कारण जे गेले ते आमच्या एकट्याचे नव्हते.

प्रथम ह्या संग्रहाचे रूप सांगतो. कचेरीतील पत्र्याच्या पेटीत काळ्या कागदाचे आल्बम आहेत. त्यांतील पुष्कळशी चित्रे चौकोनी, कोपऱ्यांत अडकवून बसविलेली. बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री नावाच्या साध्या कॅमेऱ्याची ही करामत. एका रिळात बारा चित्रे निघत आणि रीळ काही स्वस्त नसे. म्हणून एकेका समारंभाची दोन नाही तर तीन चित्रे काढावयाची, आणि मंडळींनी श्वास रोखून उभे राहावयाचे. त्यानंतरची १९७० व ८० च्या दशकांतील रंगीत चित्रे आता तांबूस झाली आहेत. त्या काळच्या कागदातील निळसर छटा अंधारात ठेवली तरी उडून जाते आणि तांबडा रंग तेवढा मागे राहतो. सगळी वऱ्हाडी मंडळी उन्हात भाजून निघाल्यासारखी दिसतात. पुढे तबकड्या आल्या, मेमरी कार्डे आली, तीन हार्ड डिस्क आल्या, आणि शेवटी मोबाइलचा महापूर. १९६० च्या सुमारास झालेल्या एका गणेशविसर्जनाची आपल्याकडे तीन चित्रे आहेत. अलीकडच्या एका विसर्जनाची अकराशे आहेत, त्यांतील चारशे एकाच ढोलपथकाची! एकूण आकडा ४० हजारांच्या घरात जातो.

ह्यांतील जवळजवळ निम्म्या चित्रांत राजघाट आहे. बुऱ्हाणपुरात राहणाऱ्यांस त्याचे कारण सांगावयास नको. आषाढ शुद्ध सप्तमीची तापी जयंती असो, विसर्जन असो, की घरातील कोणाच्या अस्थी घेऊन जाणे असो, पाय आपोआप त्या पायऱ्यांकडे वळतात. वर शाही किल्ल्याची भिंत, खाली पात्रातला तो दगडी हत्ती, पलीकडे जैनाबाद. ज्या बादशहाच्या बेगमेने १६३१ साली ह्या गावात देह ठेवला, त्याची दारे-खिडक्या पाहावयास बाहेरचे लोक येतात. आपली माणसे मात्र त्याच भिंतीकडे पाठ करून नदीच्या बाजूने फोटो काढून घेतात. असो.

आता लॅपटॉपची कथा. जुना यंत्रराज २०१४ चा. त्याची स्मरणशक्ती चार जीबी, आत फिरणारी तबकडी. चित्रांचा एक फोल्डर उघडावयास सांगून आम्ही चहा टाकीत असू, आणि चहा आधी होत असे. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मोफत दुरुस्त्या पुरविण्याचे नियमित काम थांबणार, असे जाहीर झालेले होते. पुढची आवृत्ती ह्या यंत्रावर बसेना. नवे घ्यावे हे सर्वांस पटले. मग सुरू झाली ती वाट पाहण्याची परंपरा. कोणी म्हणाले, वस्तु-सेवा कर उतरणार आहे, थांबा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर उतरले खरे; पण ते मोठ्या दूरचित्रवाणी संचांचे आणि वातानुकूलन यंत्रांचे. लॅपटॉप पूर्वीही १८ टक्क्यांत होता, तेथेच राहिला. कोणी म्हणाले, दिवाळीत सूट मिळते. दिवाळीस तीन दुकानांची दरपत्रके मागविली. ती विश्वस्तांसमोर जाईपर्यंत मुदत संपली. वर्षअखेरीस तर मेमरीचे भावच चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड केंद्रे उभी राहत आहेत, त्यांस मेमरीच्या चिपा एवढ्या लागतात की तुमच्याआमच्या यंत्रास त्या महाग पडू लागल्या. दरपत्रके पुन्हा मागवावी लागली. अमेरिकेतील कारखानदारांच्या गरजेने बुऱ्हाणपूरच्या पत्र्याच्या पेटीस कुलूप राहावे, हा योग आम्हांस तेव्हा विनोदी वाटला.

ह्या काळात एक मावशी दर आठवड्यास कचेरीत येत. आपण सारे त्यांस ओळखता, म्हणून नाव घेत नाही. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, चालताना भिंतीचा आधार लागे. पण स्मरण असे की आल्बमाचे पान उलटावे आणि त्यांनी घराणेच्या घराणे वाचून दाखवावे. "ही डावीकडची आमची नणंद. तिच्या मांडीवरचा तो मुलगा आता नागपुरास असतो. ही लुगडं सावरतेय ती शेजारची. तिचं माहेर रावेरचं." आम्ही म्हणत असू, "मावशी, आत्ता नको. नवा लॅपटॉप आला की एकेक चित्र मोठे करून पडद्यावर दाखवतो. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, आम्ही लगेच नावे घालू." त्या म्हणत, "बरं बाबांनो, तुमचं यंत्र येऊ द्या. मी कुठं जातेय?"

माघात त्या गेल्या.

तेराव्यानंतर आम्ही पेटी उघडली. राजघाटाच्या पायऱ्यांवर चौदा बायका ओळीने बसलेल्या, असे एक चित्र आहे. मागे कोणते साल, कोणता प्रसंग, काही लिहिलेले नाही. मावशींनी एकदा सहज सांगितलेली पाच नावे आमच्यापैकी एकाने पुड्याच्या कागदावर टिपली होती, तो कागद सापडला. उरलेल्या नऊ जणी कोण, हे सांगू शकणारे माणूस आम्ही सहा-सात महिने खुर्चीवर बसवून ठेवले होते. त्यास विचारण्यासाठी लॅपटॉप लागत नव्हता. पेन्सिल लागत होती, आणि ती टेबलावर होती.

गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या अवधीत प्रसिद्ध केले. हजारो रुमाल सोडून, कागद वाचून, निवडून, नोंदवून. त्यांच्याजवळ होती ती मदतनीस मंडळी, कागद आणि शाई. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या कपाटात त्यांतील काही खंड आहेत. तरीही आम्ही दुकानदाराच्या निरोपाची वाट पाहिली.

दुसऱ्या आठवड्यापासून काम धरले. एक जाड वही घेतली. प्रत्येक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेस, हलक्या हाताने क्रमांक घातला. बॉलपेन वापरले तर दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई पसरते. वहीत तोच क्रमांक आणि नावे डावीकडून उजवीकडे. मग ती वही व दहा-दहा चित्रे घेऊन वयस्क सभासदांच्या घरी गेलो. एका घरी दोघी जावांचे एका नावावरून जे वाजले, ते चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत मिटले नाही. आम्ही दोन्ही नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. सालाविषयी तर राजघाटानेच साह्य केले. हत्ती किती पाण्यात आहे यावरून ऋतू कळतो. मागे विजेचा खांब आहे की नाही, पायरीचा दगड फुटलेला की धड, यावरून कोणते चित्र आधीचे ते ठरविता येते.

पाडव्यानंतर लॅपटॉप आला. तो उत्तम आहे, हे कबूल केलेच पाहिजे. जेथे चहा होत असे तेथे आता पाणीदेखील तापत नाही. आम्ही त्यावर डिजिकॅम नावाची मोफत प्रणाली घातली. ती चेहरे ओळखून एकत्र लावते आणि आपण दिलेली नावे चित्राच्या धारिकेतच लिहून ठेवते. पिकासा २०१६ साली बंद पडले, गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून संपली. तेव्हा नावे परक्याच्या घरात न ठेवता चित्राबरोबरच राहावीत असे आम्ही ठरविले. चेहरे ओळखताना हे यंत्र आई आणि लेकीस एकच समजते. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या त्याने एकाच नावाखाली घातल्या, आणि त्या कुटुंबास ते फार आवडले.

तारखांच्या बाबतीत मात्र यंत्रावर विसंबू नये. स्कॅन केलेल्या जुन्या चित्रावर ते स्कॅन केल्याची तारीख घालते. घड्याळ न लावलेला कॅमेरा भलतेच साल लिहितो. व्हॉट्सअॅपवरून साधे पाठविलेले चित्र लहान होऊन येते आणि मूळ तारीखही वाटेत गळते. म्हणून चित्र धाडावयाचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून धाडा, ही विनंती. संग्रहाच्या प्रती आता तीन आहेत : एक लॅपटॉपमध्ये, एक कचेरीतील डिस्कवर, आणि एक इंदुरास एका विश्वस्तांच्या घरी. तिसरी प्रत तापीच्या पुरापासून दूर असावी, एवढाच त्यातला हेतू.

आजवर वहीत सुमारे दोन हजार चित्रांची नोंद झाली आहे. उरलेल्यांत कृष्णधवल चित्रे आधी घेणार. चारशे ढोल थांबू शकतात. दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही कचेरीत बसतो. घरातील वडील मंडळींस घेऊन या. ज्यांस जिना चढवत नाही, त्यांच्याकडे आम्ही येतो.

त्या चौदा जणींचे चित्र मोठे करून सभागृहाच्या दाराशी लावले आहे. मावशींनी सांगितलेली पाच नावे खाली लिहिली आहेत, नऊ जागा मोकळ्या आहेत. शेजारी दोरीने पेन्सिल बांधलेली आहे. जाताना घाई करू नका.