युद्धकाळातले सदन



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वाङ्मयप्रवाहांचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. आज तो बाजूला ठेवून मी विधिमंडळाच्या रोजच्या कामकाजाविषयी बोलणार आहे, आणि तेही युद्धकाळातल्या. कारण आपण पिपरी मेघेत, वर्ध्याच्या वेशीवर बसलो आहोत. दुसऱ्या महायुद्धामुळे आपल्या प्रांताचे, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडचे, सदन सहा वर्षांहून अधिक काळ बंद होते, आणि ज्या निर्णयातून ते घडले तो वर्ध्यातच झाला.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. देशातल्या एकाही विधिमंडळाला त्यांनी विचारले नाही. काँग्रेस कार्यसमिती त्याच महिन्यात वर्ध्याला बसली, ऑक्टोबरात पुन्हा बसली आणि प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असे ठरले. नोव्हेंबरात नागपूरला रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. मग १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे कलम ९३ लागू झाले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ सदस्यांच्या विधानसभेचे अधिकार एकट्या गव्हर्नरच्या हाती गेले. कायदा त्याच्या सहीने, खर्चाची मंजुरीही त्याच्याच सहीने. १९४६ च्या निवडणुकीपर्यंत हे असेच चालले.

राजीनामे द्यायलाच हवे होते, असे माझे मत आहे. न विचारता देशातली माणसे आणि धान्य युद्धाला जुंपले जात असताना मंत्रिपदावर बसून राहणे स्वाभिमानाला धरून नव्हते. पण सदन बंद पडल्याची किंमत कोणी मोजली, हेही आपण वर्धेकरांनी विचारले पाहिजे. ती आष्टीने मोजली, चिमूरने मोजली.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, चले जाव आंदोलनात, आपल्या जिल्ह्यातले आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले चिमूर पेटून उठले. गोळीबार झाला, गावकरी पडले, पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमुरात बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. सदन चालू असते तर कुणीतरी सदस्य उभा राहिला असता. गोळीबाराचा हुकूम कोणी दिला? गावात फौज किती दिवस होती? मंत्र्याला उत्तर द्यावे लागले असते. ते खोटे असते तरी कार्यवाहीत छापले गेले असते, आणि छापलेले खोटे पुढे पकडता येते. प्रश्नोत्तराच्या तासाची ताकद इथेच आहे. सदन नसल्यामुळे सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी चिमूरच्या चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केले. जे एरवी एका सदस्याने सकाळच्या तासाला विचारायचे, त्यासाठी इथे एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले.

अनसूयाबाई काळे यांचे नाव तर या संमेलनात घेतलेच पाहिजे. १९३७ च्या विधानसभेच्या त्या उपाध्यक्ष होत्या. चिमूर-आष्टी खटल्यात फाशीच्या शिक्षा झाल्या, तेव्हा त्या माणसांना वाचवण्यासाठी त्या जिवाचे रान करीत होत्या. सदनाच्या उपाध्यक्षा, पण सदनच नाही! मागणी करायची ती अर्ज-विनंत्यांतून आणि दारोदार फिरून. अखेर १९४५ मध्ये फाशी टळली. या बाईंवर मराठीत एक मोठे, सविस्तर चरित्र यावे असे मला मनापासून वाटते.

सदन चालू राहिले म्हणजे सगळे निभावते, असा माझा दावा नाही. १९४३ मध्ये बंगालची विधानसभा भरत होती, तरी दुष्काळाने लाखो माणसे नेली. पण तिथे सरकारला तोंडावर जाब विचारला गेला आणि तो नोंदवला गेला. आपल्याकडे त्या वर्षांची तशी नोंदच नाही.

आता १९६२. राज्य आपले, सरकार आपले. चीनचे आक्रमण झाल्यावर संसदेचे अधिवेशन अलीकडे ओढले गेले, ८ नोव्हेंबरपासून लोकसभेत चर्चा सुरू झाली आणि तीत १६५ सदस्य बोलले. सीमेवर लढाई चालू असताना ते सरकारच्या चुका सांगत होते. त्याने देश दुबळा झाला नाही. पुढे त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास मात्र स्थगित झाला, तो व्हायला नको होता. आणि आपल्याकडे? यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, २० नोव्हेंबरला चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि त्या वर्षीचे विधिमंडळाचे नागपूरचे हिवाळी अधिवेशन युद्धामुळे झालेच नाही. विदर्भाचा माणूस मुख्यमंत्री झाला आणि त्याच वर्षी विदर्भातले अधिवेशन बुडाले. मला हे पटत नाही. संकटाच्या दिवसांत सरकारने नागपूरला यायलाच हवे होते.

संरक्षण हा केंद्राचा विषय, मग राज्याच्या सदनाने युद्धात करायचे काय, असे विचारले जाते. अहो, लढाई सीमेवर असते, पण रेशनचे धान्य, रॉकेल, दवाखाना, पोलीस, जवानाच्या घरच्यांची जमीन, साठेबाजाला आवर हे सगळे राज्याकडेच येते. पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्याच जिल्ह्यात आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे गेली. तेव्हा तर युद्धही नव्हते. डेपोच्या आसपासच्या गावांनी रात्री कुठे जायचे, जखमींना कोणत्या दवाखान्यात न्यायचे, रस्ता कसा आहे, हे प्रश्न आमदारानेच विचारायचे असतात, आणि युद्ध लागल्यावर तर आधी विचारायचे असतात. पुरवणी मागण्यांवर बोलणाऱ्याला ‘ही वेळ आहे का?’ म्हणून खाली बसवणे मला मान्य नाही. तीच वेळ असते.

लेखकमित्रांनो, विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड आपण वाचत नाही. प्रतिवेदकांनी शब्द न् शब्द टिपून ठेवलेले हे मराठी गद्य आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबईच्या विधानसभेत युद्धाच्या ठरावावर चर्चा झाली, डॉ. आंबेडकर तीत बोलले. ते भाषण इंग्रजीतले, पण महाराष्ट्राचेच. पुढच्या संमेलनात एक पूर्ण सत्र अशा भाषणांच्या वाचनाला द्यावे, आणि त्या सत्राला आष्टीच्या शाळांतली मुले बोलवावीत, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. खंड मिळवून देण्याचे काम मी अंगावर घेतो.