दाराची कडी



पुंडलिकाची कथा आपण विटेपासून सांगतो. पण जुनी माणसं त्याच्या आधीचंही सांगतात. हाच पुंडलिक काशीला निघाला तेव्हा बायको खांद्यावर आणि म्हातारे आईबाप मागून पाय ओढत. सेवा त्याला नंतर सुचली. मी कितीतरी वर्षं कीर्तनात वीट सांगितली आणि घरी आईच्या दाराला बाहेरून कडी लावली. तेच आज सांगतो.

२०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आपल्या दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. आईला विसर आधीपासूनच पडायचा. पुढं तो वाढला. दिवस कलला की म्हणायची, "सुपारी पडली असंल, वेचून येते." मी म्हणायचो, "आये, पोफळी राहिल्यात कुठं?" ती रडायची. घटकाभरानं परत तेच. एकदा मी मनगट धरून तिला आत ओढलं. सकाळी मनगट काळंनिळं. मलाच विचारते, "कशानं झालं रे हे?" मी गप्प.

आपण याला म्हातारचळ म्हणतो. डॉक्टर म्हणाले, डिमेंशिया, मेंदूचा आजार. नवं आधी पुसलं जातं, जुनं राहतं. संध्याकाळी जीव जास्त घाबरा होतो. तो हट्ट नव्हे. कधी थायरॉइडनं किंवा बी-१२ कमी पडल्यानंही विसर पडतो, म्हणून आधी तपासून घ्यावं.

हात उचलला तरच छळ असं नाही. कोंडणं, अंथरूण ओलं होईल म्हणून पाणी न देणं, चारचौघांत हसणं, अंगठा घेऊन जमीन फिरवणं, हाही छळच. आणि तो दुष्टच करतात असंही नाही. रात्र रात्र जागून पिचलेला माणूसही करतो. आमच्यात मी वारीला जायचो, जागायची सून.

मग कडी काढली. संध्याकाळी आईपुढं सुपारीची टोपली ठेवू लागलो. निवडत बसायची, शांत व्हायची.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलतात. एकाच्याच गळ्यात सात दिवस वीणा घालतो का आपण? मग असं म्हातारं माणूस एकट्या सुनेच्या गळ्यात का? दिंडीनं अशा घरांसाठी दोन-दोन तासांचे पहारे लावावेत. कुठं छळ दिसला तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन आहे. आईबापांना सांभाळण्याचा कायदाही २००७ पासून आहे.

माझी आई आता नाही. पण पहाऱ्याची वही काढा, पहिलं नाव माझं लिहा.

रामकृष्ण हरी.