उद्या धोतर-टोपी घालून पाठवणे

रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो : उद्या दिंडी आहे. मुलांना धोतर-सदरा-टोपी, मुलींना नऊवारी. टाळ असल्यास उत्तम. तोवर पुण्याच्या तुळशीबागेत शटरं खाली यायला लागलेली असतात. मग सोसायटीभर धोतराचा शोध, आजोबांच्या उपरण्याला सेफ्टी पिना आणि टाळ म्हणून देवघरातल्या झांजा. श्रोतेहो, आषाढी एकादशीची तारीख कालनिर्णयात आदल्या वर्षीच छापून आलेली असते!

पूर्वी अशी सूचना डायरीतून यायची. बाईंना ती शाळा सुटायच्या आत फळ्यावर लिहावी लागे, मुलं उतरवून घेत, घरी सही होई. आता रात्री अकरालाही निरोप धाडता येतो, म्हणून तो धाडला जातो.

अर्थात बाईंनाही बऱ्याचदा आयत्या वेळीच कळतं. 2025 च्या मार्चमध्ये पुण्यातल्याच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक काढलं : 8 ते 25 एप्रिल. एरवी बऱ्याच शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे एप्रिलमध्ये गावी निघणाऱ्यांनी तिकिटं फेब्रुवारीतच काढायची. पालक चिडले. मुख्याध्यापकही चिडले : 25 ला शेवटचा पेपर आणि 1 मेला निकाल, मग पेपर तपासायचे कधी?

पावसाची गोष्ट वेगळी. 25 जुलै 2024 ला मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं आणि शाळांना सुट्टी सकाळी जाहीर झाली. ती आदल्या आठवड्यात कोण सांगणार?

पालकसभा मात्र ढग बघून ठरत नाही, आणि तिचीच घाई सगळ्यांत महाग पडते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक ठेवले. सदस्यांत निम्म्या महिला. पण समितीतल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला सकाळी अकराची सभा आदल्या संध्याकाळी कळली, तर ती कुठल्या घरी खाडा करणार? धुणं दुपारवर ढकलायचं तरी त्या घरी दोन दिवस आधी सांगावं लागतं. नाहीतर सभा तिच्याविना होते आणि खिचडीपासून गणवेशापर्यंत जे ठरायचं ते ठरून जातं.