पोटातले जंतू आणि पोटातले बाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत बोलण्याची ही पहिलीच वेळ. काही चुकले तर पदरात घ्यावे.

बावीस वर्षांपूर्वी माझा पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला. सासूबाई म्हणाल्या, "पपई खाल्लीस." शेजारीण म्हणाली, "हंडा उचललास." मी ते खरे मानून मनातल्या मनात कुढत राहिले.

गेल्या वर्षी भाचीबरोबर दवाखान्यात गेले, तेव्हा धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "दिवस गेल्याचे कळल्यावरही शंभरांतल्या दहा ते पंधरा जणींचा गर्भ जातो. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बीजातच दोष असतो. त्यात आईचा काय अपराध?" मला रडूच कोसळले.

भाचीने कुठेतरी वाचले होते की आतड्यांतल्या जंतूंमुळे गर्भ जातो. तेही विचारले. आपल्या आतड्यांत असंख्य जंतू असतात, आणि दह्यातल्या विरजणासारखे बरेचसे उपकारकच असतात. वारंवार गर्भ गेलेल्या काही स्त्रियांत हे जंतू वेगळे आढळले. पण ते कारण की परिणाम, हे अजून ठरलेले नाही. तेव्हा जाहिरात पाहून महागड्या पुड्या घेऊ नयेत.

दोन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. लिस्टेरिया नावाचा जंतू निरशा दुधातून पोटात जातो, आतड्यांतून रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो. आईला नुसती कणकण वाटते, पण गर्भ जाऊ शकतो. हा आजार नित्याचा नव्हे. तरी हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, उकळीने मात्र मरतो. दुसरे, आतड्यांतलेच जंतू लघवीच्या मार्गात शिरले तर काही त्रास न जाणवताही मूत्रपिंडापर्यंत चढतात, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका असतो. लघवीच्या तपासणीत ते कळते व औषधाने बरे होते.

म्हणून गर्भारशीला दूध उकळूनच द्या, भाजी-फळे धुऊन द्या, लघवी तपासून घ्या, आणि ताप आला तर काढ्यावर दिवस न काढता डॉक्टरांकडे न्या.

शेवटी एकच विनंती. जिचा गर्भ गेला, तिला "काय खाल्लेस?" असे विचारू नका. तिच्याजवळ बसा, तिला दोन घास भरवा. मला तेव्हा तेवढेच हवे होते.