ढोल आणि ढोलवादक



उत्तराखंडातील श्रीनगर ही अलकनंदेच्या काठची, गढवाल राज्याची जुनी राजधानी. कार्तिकातील वैकुंठ चतुर्दशीला तेथील कमलेश्वर मंदिरात अपत्यप्राप्तीच्या आशेने दांपत्ये रात्रभर हाती दिवा घेऊन उभी राहतात. या छोट्या नगरात १९७३ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. २००९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ बनले. त्याच वर्षी शेजारच्या चमोली जिल्ह्यातील सलूड-डुंग्रा गावांच्या ‘रम्माण’ या विधिनाट्याला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

रम्माण असो वा पांडवनृत्य, ढोल-दमाऊंवाचून ते उभे राहत नाही. पण ते पिढ्यानपिढ्या वाजवणाऱ्या औजी, बाजगी समाजाच्या वाट्याला गावात खालचे स्थान आले. मोबदला आपल्याकडील बलुत्याप्रमाणे धान्याचा. अशा स्थितीत त्यांची मुले शहरातील नोकरीकडे वळली, तर दोष कोणाचा?

विद्यापीठात लोककलेचा अभ्यास होतो, हे स्वागतार्हच आहे. तथापि, ढोलवादक तेथे अभ्यासाचा विषय न राहता सन्मानाने व नियमित वेतनावर शिकवणारा गुरू व्हावा. २००९ हे वर्ष परीक्षेसाठी अवश्य लक्षात ठेवा; उद्या प्रशासनात गेल्यावर मात्र कलेबरोबर कलावंताचीही नोंद घ्या.