सापडलेले वाटावे, पण पारखून
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आंतरजालावर आपणांस जे आवडले ते इतरांस सांगावे, ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी मला केली आहे. माझे आयुष्य खडू आणि फळा ह्यांच्या संगतीत गेले. तरीही मी उभा आहो, कारण ह्या वाटण्यातील गोडी आणि धोका ही दोन्ही मी अनुभविली आहेत.

प्रथम गोडीविषयी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते खंड आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर ठेवली आहे. आमच्या घरी त्यातून एक खेळच निघाला. रोज रात्री मी एक जुना शब्द काढून सर्व नातवंडांस पाठवितो. त्यांनी अर्थ ओळखावा. परगावची नातवंडेही त्या वेळी माझ्याभोवती बसल्यासारखी वाटतात.

गेल्या दिवाळीपूर्वी माझ्या पुतणीने अनारशांची एक कृती आंतरजालावरून पाठविली. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, हे सारे तीत होते. परंतु ते किती सुकवावे ह्याचा उल्लेख नव्हता. आमच्या मंडळींनी खाली लिहिले, "सावलीत कापडावर पसरावे, हाताला किंचित ओलसर लागतात तोच कुटावे. गूळ अधिक झाला तर अनारसा तुपात हसतो." ह्या दोन वाक्यांनी ती कृती पुरी झाली. घरोघरीच्या आज्या-मावश्यांजवळ असे कितीतरी ज्ञान आहे. ते लिहून ठेविले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल.

आता माझी चूक सांगतो. मधुमेहावरील एका काढ्याचा मजकूर मजकडे आला. "हा घेतल्यास गोळ्यांची गरज उरत नाही," असे त्यात होते. कोणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, हे न पाहता मी तो नातेवाइकांस धाडला. माझ्या आतेबहिणीने गोळ्या सोडल्या. पंधरवड्याच्या आत तिला रुग्णालयात न्यावे लागले. ईश्वरकृपेने ती बरी झाली. मी क्षमा मागावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू मास्तर. तू पाठविलेस, म्हणजे खरेच असणार असे मला वाटले." तो मजकूर कोणाचा होता हे तिने पाहिलेच नव्हते, तिने केवळ माझे नाव पाहिले होते. जन्मभर मुलांचे निबंध तपासणाऱ्या मला चार ओळी तपासण्याचे सुचले नाही, ह्याची लाज आजही वाटते.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. लेख असेल तर तो संपूर्ण वाचल्यावाचून आणि लेखकाचे नाव पाहिल्यावाचून पाठवीत नाही. पाककृती असेल तर ती घरी करून पाहिल्यावरच पाठवितो. औषधाचा मजकूर असेल तर तो डॉक्टरांस दाखवितो. एरवी तो मजपाशीच राहतो.

बंधुभगिनींनो, पूर्वी शेजारी वाटीभर भाजी पाठविताना गृहिणी आधी मीठ पाहत असे. आपणही तेवढे करावे. आपल्या घरातून जे बाहेर जाते त्यावर आपल्या घराचे नाव असते.